अंगणातलं शीड

आमच्या घरात टेबल आलं ते भोकासकट. गोल, मोझेकचं, चार माणसांनी उचलावं लागेल इतकं जड, आणि बरोबर मध्ये मनगट जाईल एवढं भोक. पुणे रस्त्यावरचं एक गार्डन हॉटेल बंद पडलं होतं. तिथून कुमारनं ते उचललं आणि टेम्पोत घालून नवीन पनवेलला आमच्या रो-हाउसच्या अंगणात आणून उतरवलं. हमाल धापा टाकत होते आणि कुमार भोकात हात घालून मला दाखवत होता, की बघ, आरपार आहे.

"दिसतंय," मी म्हटलं. "यातून काय खाली पाडायचंय?"

"छत्री! यात मोठी छत्री उभी राहते. तिच्या सावलीत दाजी बसणार."

"आणि छत्री कुठंय?"

"ती हॉटेलवाल्यानं आधीच कुणाला तरी देऊन टाकली. पण छत्री काय, करू आपण."

कुमार माझा नवरा. तुर्भ्याच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन. कुठल्याही वस्तूचं चित्र काढता आलं की ती वस्तू झालीच, असं त्याला मनापासून वाटतं. मी त्याला नावानं हाक मारते, हे माझ्या सासऱ्यांना लग्नानंतर पाच वर्षं पचलं नाही. सहाव्या वर्षी तेच मला सांगायला लागले, "सुनीता, कुमारला हाक मार, माझं ऐकत नाही तो."

सासरे म्हणजे दाजी. छत्तीस वर्षं मुंबईत बसचे तिकीट तपासनीस होते. छत्तीस वर्षं चालत्या बसमध्ये चढून लोकांना "तिकीट दाखवा" म्हणालेला माणूस निवृत्त झाला तरी आतून निवृत्त होत नाही. आमच्या घरात काहीही आलं की दाजी आधी ते तपासायचे. भाजी आली की पिशवीत डोकावायचे, पोस्टमन आला की पाकीट उजेडात धरून बघायचे. मी कुकर लावला की बाहेरच्या खोलीतून आवाज यायचा, "तीन झाल्या. बंद कर."

परळची खोली सोडून ते आमच्याकडे आले त्याला वर्ष झालं होतं. तिथं त्यांना गॅलरी होती, गॅलरीत खुर्ची होती आणि समोरून जाणारं येणारं सगळं जग होतं. इथं दोन खोल्या. एकीत आमची चारुता दहावीचा अभ्यास करायची आणि कुणी खोकलं तरी कपाळाला आठ्या घालायची. दुसरीत वर सिमेंटचे पत्रे आणि दुपारी भट्टी. राहिलं अंगण. तिथं सकाळी दहापासून साडेतीनपर्यंत असं ऊन, की वाळत घातलेले पापड तासाभरात कडकडीत. साडेतीननंतर कोपऱ्यावरच्या बिल्डिंगची सावली यायची, पण तोवर दाजी बिचारे या भिंतीकडून त्या भिंतीकडे खुर्ची सरकवत असायचे.

फेब्रुवारीत एक दिवस त्यांनी जाहीर केलं. "पाडव्यापर्यंत बघतो. चार माणसांत बसता येईल अशी जागा झाली तर ठीक. नाहीतर आनंदाकडे डोंबिवलीला जातो."

आनंदा म्हणजे मोठे दीर. त्यांच्या बायकोला, शकूवहिनींना, हे कळायला दोन दिवसही लागले नाहीत. त्यांचं पत्र आलं, "दाजींची खोली तयार आहे. आम्ही म्हटलंच होतं."

लोकांना वाटतं सुनेला सासरा गेला तर हवाच असतो. मला ते जायला नको होते. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही, आता सांगते. कुमार सातला कंपनीच्या बसनं जायचा तो रात्री आठला उगवायचा. आमच्या ओळीतली निम्मी घरं कुलूप लावून पडलेली, रस्त्यावर माणूस दिसला तर बातमी. दाजी यायच्या आधी मी रेडिओला उत्तरं द्यायला लागले होते. खरंच. कामगार सभेत निवेदकानं "नमस्कार" म्हटलं की मी "नमस्कार, बसा" म्हणायची. दाजी आले आणि दिवसभर घरात कुणीतरी माझ्याशी भांडायला मिळालं. तो माणूस डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर जाऊन शकूवहिनींचा कुकर मोजणार, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

म्हणून टेबलाला मी नावं ठेवली, पण शिवणाचं मशीन काढलं.

कुमारनं तीन रविवार चित्र काढलं. वरून कशी दिसेल, बाजूनं कशी दिसेल, मधोमध कापली तर कशी दिसेल. "पण आपण ती मधोमध कापणार कशाला?" मी विचारलं, तर म्हणे तशी पद्धत असते. मग विजेच्या सामानाच्या दुकानातून प्लास्टिकचे पाइप आले. जाड एक दांड्याला, बारीक आठ काड्यांना. कापडासाठी माझे जुने पडदे गेले. मी आठ तुकडे बेतले, शिवले, आणि पाडव्याच्या सोळा दिवस आधी, एका रविवारी सकाळी, छत्री भोकात उभी राहिली. फिकट पिवळी, वर मोरांची नक्षी. मी म्हणते, छान दिसत होती.

दाजी खुर्ची घेऊन तिच्याखाली जाऊन बसले. पेपर उघडला. आम्ही दोघं दारात उभं राहून बघत होतो.

अकराच्या सुमाराला ऊन तापलं आणि प्लास्टिकही तापलं. आधी एक काडी वाकली. मग तिची शेजारीण. मग मधला दांडाच कमरेतून लवला आणि सगळी छत्री अगदी सावकाश, आवाज न करता, दाजींच्या अंगावर उतरली. मोरांच्या खाली पेपर धरलेल्या माणसाचा आकार तेवढा दिसत होता.

"दाजी!" कुमार ओरडला.

"आत सावली चांगली आहे," आतून आवाज आला. "अक्षर दिसत नाही फक्त."

त्या दिवशी दुपारी त्यांनी पलंगाखालून स्वतःची ट्रंक ओढून काढली आणि तिच्यावरची धूळ पुसली.

दुसऱ्या दिवशी कृष्णाबाई आली. उरणकडच्या करंज्याची ही बाई, आठवड्यातून दोनदा आमच्या ओळीत डोक्यावर मासळीची टोपली घेऊन यायची. तिनं टोपली त्या टेबलावर टेकवली, कोपऱ्यात पडलेले पाइप आणि पडदे बघितले आणि विचारलं, "ह्यो काय गो ताय, पालना मोरला काय?"

मी सगळं सांगितलं. ती इतकी हसली की टोपलीतली कोलंबी हलायला लागली.

"आगो, कापडाचा काम बामनाच्या चित्रान व्हतंय काय?" ती म्हणाली. आम्ही बामण नाही हे मी तिला चार वर्षं सांगत होते, पण चष्मा घालून कागदावर रेघा मारणारा तिच्या हिशेबी बामण. "आमचा म्हातारा शिडं शिवायचा. सगल्या करंज्यान त्याच्या हातची शिडं. आता पोरानं, शैलेशनं, व्होडीला इंजिन लावलाय. म्हातारा घरान बसून माज्या डोक्याला खातंय. तुज्याकरं धारतू त्याला. त्याला जेवाय घाल, बाकी काय देव नको."

म्हातारा, म्हणजे तिचा नवरा काशिराम, गुरुवारी सकाळी एसटीनं आला. काटक, काळा, खांद्यावर कापडाची भली मोठी गुंडाळी. तो फाटक उघडून आत येतो न येतो तोच दाजी खुर्चीतून उठले. गुंडाळीकडे बघितलं, माणसाकडे बघितलं.

"याचं लगेज तिकीट काढलंत?"

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. घरी आलेल्या पाहुण्याला कुणी असं विचारतं? काशिरामनं मात्र शांतपणे खिशात हात घातला आणि दोन तिकिटं काढून दाजींच्या पुढं धरली. एक माणसाचं, एक लगेजचं. दाजींनी ती उलटसुलट करून बघितली, परत दिली आणि म्हणाले, "बसा. चहा घ्या. सुनीता, चहा."

त्या दोन तिकिटांवर त्यांची मैत्री झाली. वर्षभरात दाजींनी नवीन पनवेलमध्ये कुणाला "बसा" म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

गुंडाळीत काशिरामच्या स्वतःच्या होडीचं शीड होतं. इंजिन बसल्यापासून ते माळ्यावर पडून होतं आणि त्याच्यावर उंदीर बाळंत होत होते. कापड म्हणाल तर पोलादासारखं. वास म्हणाल तर विचारू नका. वीस वर्षांचे बोंबील आणि खारं पाणी त्यात मुरलेलं. मी ते धुण्याचा सोडा घालून तीनदा उकळलं, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्टरमधली सगळी मांजरं आमच्या कुंपणाच्या भिंतीवर रांगेत बसली होती. दाजींनी मोजली. अकरा.

काशिराम रोज पहिल्या गाडीनं यायचा. तळहाताला चामड्याचा पट्टा बांधायचा, दाभणात मेण लावलेला दोरा ओवायचा आणि भिंतीच्या सावलीत मांडी घालून बसायचा. सावली सरकली की तो सरकायचा आणि दाजी खुर्चीसकट त्याच्या मागं सरकायचे. दाजी त्याला बिनतिकीट प्रवाशांच्या गोष्टी सांगायचे, तो त्यांना समुद्राच्या. कुणी कुणाचं ऐकत होतं असं नाही, पण दोघांचंही तोंड चालू असायचं. मी भाजी निवडायला बाहेर येऊन बसायला लागले. चार माणसांत बसायचं म्हणजे दुसरं काय असतं, हे मला आता कळतं. तेव्हा डोळा सगळा छत्रीवर.

शनिवारी कुमार घरी होता. त्यानं आपला कागद पसरला.

"काशिरामबुवा, व्यास किती धरलाय?"

काशिरामनं दोन्ही हात फैलावले. "एक वाव नि वर अर्दा."

"म्हणजे मीटरमध्ये?"

"मीटरान काय म्हाईत नाय. माज्या हातान दीड वाव."

कुमारनं त्याचे हात टेपनं मोजले आणि वहीत लिहून घेतलं. मग शिवून झालेला भाग उचलून बघितला. "हे मध्ये फुगीर का झालंय? माझ्या चित्रात सपाट आहे."

काशिरामनं त्याच्याकडे असं बघितलं, जसं चारुता माझ्या इंग्रजीकडे बघते. "पोट ठेवलाय त्याला. शिडाला पोट नसला तर वारं कुटं ऱ्हईल?"

"बरोबर आहे!" दाजी म्हणाले. "वारं राहायला जागा नको?"

"वा!" कुमार म्हणाला आणि चित्रात पोट काढलं.

मीही मान डोलावली. चार शहाणी माणसं तिथं होतो आणि छत्रीत वारं राहून काय करायचंय, हे एकानंही विचारलं नाही.

दांडा म्हणून काशिरामनं जुन्या होडीच्या डोलकाठीचा तुकडा आणला आणि पाचरी ठोकून भोकात घट्ट बसवला. काड्यांना बांबू. शेंड्याला कप्पी लावली, तिच्यातून दोर घेतला. दोर ओढला की छत्री वर जाऊन उघडायची, सोडला की मिटून खाली यायची, हुबेहूब शिडासारखी. एकानं दोर सोडायचा, दुसऱ्यानं कापड गोळा करायचं. कुमारनं हिशेब करून सांगितलं की वरून दोन माणसं बसली तरी काही होणार नाही. वरून कोण बसणार होतं देव जाणे, पण ऐकून बरं वाटलं.

पाडव्याला दारात गुढी उभी राहिली आणि अंगणात शीड. काशिरामनं दोर ओढायचा मान दाजींना दिला. ते मळकं बदामी कापड वर गेलं, उघडलं, आणि टेबलावर अशी दाट, गार सावली पडली की मी तिथं हात ठेवून बघितला. मोझेक थंड होतं. काशिराम आणि कृष्णाबाई नवे कपडे करून आले होते. शेजारच्या सुमतीबाई, ज्यांच्याशी चार वर्षांत माझं फक्त कचऱ्यावरून बोलणं झालं होतं, त्या वाटीभर कडुलिंबाची चटणी घेऊन आल्या.

आणि बाराच्या सुमाराला आनंदाभाऊ आणि शकूवहिनी आले. रिक्षा थांबवून ठेवू का, असं शकूवहिनींनी फाटकातच विचारलं. दाजींची ट्रंक भरून दाराशी ठेवलेली त्यांना दिसली होती. मलाही दिसत होती. सकाळपासून तिला वळसा घालून मी ये-जा करत होते.

श्रीखंड-पुरीची पंगत शिडाखाली झाली. दाजी मधोमध. त्यांनी तीनदा श्रीखंड घेतलं, काशिरामला आग्रह केला, आनंदाभाऊंना एसटीचं तिकीट दाखवायला लावलं. राहणार की जाणार याबद्दल एक अक्षर नाही. शकूवहिनी वर बघून म्हणाल्या, "वास कसला येतोय गं?"

"समुद्राचा," मी म्हटलं.

"मांजरं बरीच आहेत तुमच्याकडे."

"पाडवा आहे ना, आली असतील."

तीन वाजायला आले होते. पंगत उठली, विडे झाले. मी ताटं उचलत होते. तेवढ्यात खाडीकडून वारं आलं. रोजच यायचं ते, उन्हाळ्यात तीनच्या सुमाराला. माझे वाळत घातलेले कपडे रोज सुमतीबाईंकडे घेऊन जायचं. पण त्याचा नि छत्रीचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

शिडाच्या डोक्यात मात्र आलं. ते दोनदा फडफडलं. मग त्याला ओळख पटल्यासारखं त्यानं सगळं वारं पोटात घेतलं, टम्म फुगलं, आणि पाचरी एकेक करून बंदुकीसारख्या उडाल्या. वरून दोन माणसांचं वजन पेलणारी ती डोलकाठी खालून वर निघाली. नव्वद किलोचं टेबल जागच्या जागी उभं, आणि त्याच्या भोकातून छत्री आकाशाकडे.

दाजींनी झडप घालून दोर धरला.

"सोडा! दाजी, दोर सोडा!" काशिराम ओरडला.

"विनातिकीट चालली!" दाजी ओरडले आणि तीन पावलं फरफटत गेले. चौथ्या पावलाला दोर हातातून सुटला. छत्री तिरकी होऊन भिंतीवरून पलीकडे गेली आणि सुमतीबाईंच्या गच्चीवरच्या टीव्हीच्या अँटेनावर जाऊन बसली. अकराच्या अकरा मांजरं तिच्या मागं पळाली. सुमतीबाईंच्या घरातून त्यांच्या यजमानांचा आवाज आला, "अगं, चित्र गेलं!"

अंगणात कुणी हललं नाही. काशिराम तेवढा वर बघत होता आणि त्याच्या तोंडावर जो आनंद होता तो मी कधी विसरणार नाही.

"बगा," तो हळूच म्हणाला. "बगा, कसा भरलाय!"

मग त्याला आमची तोंडं दिसली, आणि आपण काय केलंय ते कळलं. त्याचं तोंड पडलं. एवढा थोरला माणूस, पण नव्या सदऱ्याची बटणं चाचपत उभा राहिला.

शकूवहिनींनी पदर सावरला. "दाजी, चला बाई. ही काय बसायची जागा आहे? नशीब, हात मोडला नाही." आणि आनंदाभाऊंना म्हणाल्या, "ट्रंक घ्या तुम्ही."

आनंदाभाऊंनी ट्रंक उचलली. खरंच उचलली. मी हातातली ताटं टेबलावर आदळली, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना.

"थांबा, थांबा," कुमार म्हणाला. "एकदम सोपं आहे. शेंड्याशी नऊ इंचाचं भोक पाडू. वारं आत शिरेल आणि वरून निघून जाईल. पाच मिनिटांचं काम. चारुता, कात्री आण."

"नाय!" काशिराम असा ओरडला की चारुता दारातच थांबली. "सगला जलम मी शिडांची भोकां बुजवली. माज्या शिडाला भोक पारायचा नाय."

"पण मग ते रोज उडणार!"

"शीड चुकला नाय," काशिराम म्हणाला. आता त्याला शब्द सापडले होते. "वारं आला तर शीड भरनारच, त्याचा काम हाय त्यो. आमच्यान व्होडीवर तांडेल असतंय. व्होडीचा मालक जरी बसला तरी त्यो तांडेलाचा ऐकतंय. तांडेल वारं बगतंय. वारं यायच्या आदी बोलतंय, उतरवा, की आमी उतरवताव. तुमच्या घरान कोन बगतंय वारं?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आमच्या घरात वारं बघायचं खातं कुणाकडेच नव्हतं.

दाजी दोरानं लाल झालेला तळहात चोळत होते. त्यांनी पश्चिमेकडे मान वळवली, जिथं रस्त्याच्या टोकाला झाडं हलत होती.

"तिकडून येतं?" त्यांनी विचारलं.

"तिकरूनच. खाडीवरना."

"रोज तीनला?"

"रोज तीनला कसा? कदी अडीच, कदी साडेतीन. भरती असली तर येगला. आदी त्या झाडाचा शेंडा हालतंय, मंग खालची पाना. शेंडा हालला की उतरवायचा. पाना हालली मंजे उशीर जाला."

"म्हणजे नजर ठेवावी लागणार."

"दिवसभर."

दाजींनी अंगणात एक फेरी मारली. टेबलाच्या भोकात वाकून बघितलं. मग ते आनंदाभाऊंना म्हणाले, "ती ट्रंक आत ठेव."

"अहो पण दाजी..." शकूवहिनी म्हणाल्या.

"उद्या तीन वाजता इथं कोण असणार?" दाजी त्यांच्यावर खेकसले. "कुमार तुर्भ्याला. चारुताला पुस्तकाबाहेर काही दिसत नाही. आणि हिला?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हिला कुकरच्या शिट्ट्या कळत नाहीत, वारं काय कळणार!"

वीस वर्षांच्या संसारात मला इतकं गोड कुणी बोललं नव्हतं. मी ताटं घेऊन आत गेले आणि मोरीत उभं राहून चांगली रडले. मग डोळे धुतले आणि सगळ्यांना चहा टाकला.

तेव्हापासून आमच्या घरात तांडेल आहे. सकाळी दहाला शीड वर जातं. ते वर गेलेलं दिसलं की सुमतीबाईंचे यजमान पेपर घेऊन येतात. अँटेना त्यांनी आता पलीकडच्या टोकाला हलवली आहे. विचुंब्याच्या वाटेवर राहणारे एक निवृत्त मास्तर येतात. काशिराम आठवड्यातून दोनदा येतो, कृष्णाबाईची टोपली टेबलावर असते, मांजरं टेबलाखाली. अडीच वाजले की गप्पा कितीही रंगात असोत, दाजी कुणाकडे बघत नाहीत. हनुवटी वर, नजर झाडाच्या शेंड्यावर. शेंडा हलला की ओरडतात, "सुनीता, दोराला ये!" मी हातातलं टाकून पळते. ते दोर सोडतात, मी कापड गोळा करते, आणि पाच मिनिटांनी वारं येतं. एकदाही चुकलेलं नाही. शकूवहिनींनी मे महिन्यात आठ दिवस राहायला बोलावलं, तर दाजी सकाळच्या गाडीनं गेले आणि अडीचच्या आत परत आले. पावसाळ्यात तरी या, असं त्यांनी कळवलं. दाजींनी काशिरामला विचारलं. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर असतात, पण शीड दुरुस्तीला निघतं आणि तांडेलाला हलता येत नाही, असं त्यानं सांगितलं. दाजींनी ते उत्तर जसंच्या तसं पोस्टकार्डावर उतरवून डोंबिवलीला पाठवलं.

जूनच्या सुरुवातीला कुमारनं दोन दिवस रजा काढली. पाऊस अजून नव्हता. जेवणानंतर तो स्वयंपाकघरात आला. हातात कंपास, कात्री आणि मच्छरदाणीचा गोल कापलेला तुकडा.

"जमलं," तो म्हणाला. "मी पूर्ण हिशेब केलाय. नऊ इंचाचं भोक, त्याला ही जाळी, कडेनं तू मशीन मार. काशिरामला कळणारसुद्धा नाही. मग कितीही वारं येऊ दे, उतरवायची गरजच नाही. दाजींना रोजचा केवढा त्रास होतो."

मी उघड्या खिडकीतून बाहेर बघितलं. दाजींची खुर्ची खिडकीला लागूनच होती. मास्तर आणि सुमतीबाईंचे यजमान कशावरून तरी वाद घालत होते. दाजींची हनुवटी वर होती.

मी कुमारच्या हातातून कात्री घेतली आणि तांदळाच्या डब्यात तळाशी खुपसली.

"अगं, हे काय?"

"त्या त्रासाला हात लावायचा नाही," मी म्हटलं. "लावलास तर याद राख."

कुमार हुशार आहे, पण त्याला वेळ लागतो. तो डब्याकडे बघत राहिला, मग खिडकीतून बाहेर, मग परत डब्याकडे. शेवटी त्यानं जाळीचा तुकडा घडी करून खिशात ठेवला.

"दहीवड्यावर झाकायला होईल," तो म्हणाला.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. "सुनीता! दोराला ये!"

मी ओल्या हातांनी पळत अंगणात गेले. रस्त्याच्या टोकाला बघितलं. झाडाचा शेंडा हलत नव्हता. पानं हलत नव्हती. कुंपणावर वाळत टाकलेला रुमालसुद्धा हलत नव्हता. सव्वादोन वाजले होते.

"वारं येतंय," दाजी म्हणाले. माझ्याकडे न बघता.

"हो," मी म्हटलं. "मलाही वाटलंच."

त्यांनी दोर सोडला, मी कापड गोळा केलं. मग आम्ही दोघं उन्हात उभं राहून वाऱ्याची वाट बघायला लागलो.